पहिली कॅसेट चढली की निघू

भोपाळहून नागपूरकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत निदान एक तरी माणूस आमच्या घरमालक काकांनी दिलेली बरणी मांडीवर धरून बसलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. बरणीत काय आहे हे त्याला माहीत नसतं. ती घ्यायला आपण हो कधी म्हणालो, हे इटारसी मागे पडली तरी त्याला आठवत नसतं. आठवतो तो फक्त पांढरी बंडी घातलेला, चष्म्याला दोरी लावलेला एक उंच म्हातारा, जो दुकानात, रांगेत किंवा दवाखान्याच्या बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला होता आणि अगदी हळुवारपणे विचारत होता, "नागपूरला का? परत कधी?"

मी पांढुर्ण्याचा. गाव मध्य प्रदेशात, पण घरोघरी मराठी. वडील संत्र्यांच्या पेट्या भरण्याच्या कामावर होते आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. नोकरी लागून भोपाळला आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. अयोध्या नगरात एका घराच्या फाटकावर 'वरची खोली देणे आहे' अशी मराठी पाटी दिसली आणि मला घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. काकांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आडनाव?" मी म्हटलं, "डोंगरे." त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि आत बघून म्हणाले, "बसतं." आतून काकूंचा आवाज आला, "मग द्या किल्ली. मागचा विश्वकर्मा किती गुणी होता, पण बिचाऱ्याचं नाव बसेना." मी गोंधळलो. नंतर कळलं, की काकांच्या यंत्रात नावाला इंग्रजी आठच अक्षरांची जागा होती, आणि ज्याचं नाव अर्धवट तुटतं अशा माणसाला रोज जिन्यात भेटायला काकांना संकोच वाटत असे.

ते यंत्र म्हणजे एक जुना घरगुती संगणक. काकांच्या मेव्हण्याने तो परदेशातून आणला, तेव्हा काका कारखान्यात नोकरीला होते आणि टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहत होते. काळी, वहीएवढी पाटी, तिच्यावर रबराची बटणं, बस. पडदा नाही, म्हणून तो जुन्या फुगीर टीव्हीला जोडायचा. आत काही साठवायची सोय नाही, म्हणून टेपरेकॉर्डरला जोडायचा. गाण्याच्या साध्या कॅसेटवर त्याच्या नोंदी राहत. बटण बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाई, आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट लावून त्याला सगळं पहिल्यापासून आठवायला लावावं लागे. काका याला 'चढवणं' म्हणत. आधी नोंदी ठेवणारा प्रोग्राम चढवायचा, मग त्यात माणसं चढवायची. "माणसं चढायला वेळ लागतोच रे," ते म्हणत. "स्टेशनवर बघतोस ना."

माणसं म्हणजे भोपाळमधली मराठी माणसं. आमच्याकडे कुणी गावी निघालं की त्याच्या हाती शेजाऱ्याने काहीतरी पाठवायचं, ही रीत सगळ्यांनाच माहीत आहे. काकांनी ती यंत्रावर घेतली. कोण, कुठे जाणार, कोणत्या गाडीने, परत कधी, सामान किती नेईल, असे एकेका माणसाचे रकाने. शेवटचा रकाना 'तोंड'. त्यात तो माणूस सामान घेताना तोंड कसं करतो, ते एका आकड्यात लिहिलेलं असे. शून्य म्हणजे हसतमुख. पाच म्हणजे नेईल, पण आयुष्यभर सुनावेल. कोटरा सुल्तानाबादचे एक निवृत्त साहेब पाचवर होते, आणि तरीही काकांनी त्यांच्या हाती एकदा अख्खा पाटा धाडला होता. वरवंटा मागाहून दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, कारण साहेबांच्या नावापुढे 'सामान' या रकान्यात 'एक नग' असं होतं आणि काका नियमाबाहेर जात नसत.

या सगळ्याचा परिणाम असा, की आमच्या गल्लीत गावाला जाणं ही लपून करायची गोष्ट झाली होती. लोक बॅग रिक्षात आधी ठेवून येत आणि मग फिरायला निघाल्यासारखे रिकाम्या हातांनी चालत जात. तरी काकांना कळायचंच. फाटकाशी उभे राहून ते म्हणायचे, "नवी चप्पल घालून भाजी आणायला कुणी जात नाही." मग माणूस निमूट परत फिरे, काकू डबा आणून देत आणि म्हणत, "राग मानू नका हो. एवढंसं तर आहे." एवढंसं म्हणजे बहुधा पापडांचा पितळी डबा असे.

मी ऑफिसात संगणकावर ग्राहकांच्या नोंदी सांभाळतो, हे कळल्यावर काकांनी मला सहव्यवसायी मानलं. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे नावाला किती अक्षरं?" मी अभिमानाने सांगितलं, "हवी तेवढी. दोनशे, अडीचशे." त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. मग म्हणाले, "एवढ्या जागेत माणूस हरवून जाईल रे." मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजारो नावं सरकताना बघत होतो, तेव्हा त्यातला एकही चेहरा मला माहीत नाही हे लक्षात आलं आणि काकांचं बोलणं दिवसभर डोक्यात राहिलं.

त्यांच्या यादीचा मला मिळालेला प्रसाद वेगळाच. आईच्या डोळ्यांचे थेंब आमच्या गावात मिळत नव्हते. मी नुसतं जेवताना बोललो. काका उठले, टीव्ही लावला, कॅसेट चढवली. दोन दिवसांनी आईचा फोन आला. ती पांढुर्ण्याच्या फलाटावर उभी होती. गाडी थांबली, काकांनी सांगितलेल्या डब्याच्या खिडकीतून एका अनोळखी बाईंनी हात बाहेर काढला आणि विचारलं, "डोंगऱ्यांच्या आई का तुम्ही?" पुडी देऊन वर त्या बाईंनी आईच्या हातावर एक लाडूही ठेवला. गाडी हलली तरी त्या हात हलवत होत्या. आई मला म्हणाली, "केवढी ओळख रे तुझी तिथे." भोपाळमध्ये तेव्हा मला फक्त काका-काकू ओळखत होते. पण आईला मी ते सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून काकांसमोर मी पायात चप्पल ठेवून बसलो नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की मी खाली जात असे. पडदे ओढलेले, पंखा मंद, आणि टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत असायचे. कॅसेट चढत असते तेव्हा ते पट्टे दिसतात. आवाज मात्र नाही. काकांनी मला समजावलं होतं, "टेपला ही वायर खोचली की त्याची वाचा बंद होते. मग तो फक्त यंत्राच्या कानात बोलतो." निळे-पिवळे बारीक पट्टे एकसारखे वर सरकत राहायचे आणि आम्ही दोघं ते बघत बसायचो. काका हळू आवाजात एकेका माणसाबद्दल सांगायचे. कोण आईसाठी दर वर्षी तिळाची चटणी नेत असे, कोण गाडीत झोपून थेट वर्ध्याला उतरला आणि लोणचं घेऊन उलटा आला. ऐकता ऐकता माझे डोळे मिटत. मग मला वाटे, की त्या काळ्या पाटीच्या आत एक लांबच लांब फलाट आहे. ऊन नाही, सावली नाही. त्यावर ही सगळी माणसं आपापली बरणी घेऊन उभी आहेत, कुणाला घाई नाही, आणि आत्ता कुणीतरी येऊन आठ अक्षरांत त्यांचं नाव पुकारणार आहे. जाग येई तेव्हा पट्टे थांबलेले असत आणि काकाही खुर्चीत डुलकी घेत असत.

एकच कॅसेट चढत नसे. ती पहिली. यंत्र आलं त्या दिवसांत काकांनी टाउनशिपमधल्या सगळ्या मराठी घरांत फिरून माहिती आणली होती, यंत्र दिवसरात्र चालूच ठेवून कारखान्यातून आल्यावर रोज बसून एकेक नाव टाईप केलं होतं, आणि काम पुरं झालं त्या दुपारी ते सगळं कॅसेटवर उतरवून यंत्र बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली तर काहीच चढेना. नंतरच्या सगळ्या कॅसेटी नीट झाल्या. पहिली मात्र तशीच राहिली. लावली की पट्टे दिसायचे, पण वेडेवाकडे. मधेच जाड, मधेच बारीक, मधेच नुसती थरथर, मग बराच वेळ काही नाही. काकांनी टेपचं डोकं स्पिरिटने पुसलं, बारीक पेचकसाने फिरवलं. टेप अशोका गार्डनमधल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "अंकल, मशीन ठीक है. कॅसेट दिखाओ." काकांनी दाखवली नाही. सगळ्या गावाचं सामान परक्यांच्या हाती सोपवणारे काका, ती कॅसेट मात्र कुणाच्या हाती देत नसत. मीही ऑफिसातल्या एका जाणकाराकडे नेतो म्हणालो, तर ते तिच्यावर हात ठेवून म्हणाले, "नको. माणसं आत आहेत. दार उघडत नाही, एवढंच." त्यातले बरेच जण आता राहिलेही नव्हते. कुणी मुलांकडे गेले, कुणी कायमचेच गेले. दर काही दिवसांनी काका ती लावत, पट्टे बघत आणि परत ठेवून देत.

यंदा ताईला दिवस गेले. ताई म्हणजे काका-काकूंची एकुलती मुलगी. पुण्याला नोकरी, लग्न उशिरा, आणि डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. तिने आई-बाबांना कायमचंच पुण्याला या म्हणून सांगितलं. त्यांच्यासाठी खोली तयार केली, तिकिटं काढली. काकूंनी त्याच दिवशी गोधडी शिवायला घेतली. काका म्हणाले, "पहिली कॅसेट चढली की निघू."

सुरुवातीला आम्ही हसलो. ताई फोनवर विचारायची, "बाबा, चढली का?" काका म्हणायचे, "डोकं जरा डावीकडे हवंय. आज-उद्यात." तिकिटं रद्द झाली. ताईने परत काढली. पुन्हा काकांनी, भोपाळ सोडलं की हा टीव्ही, ही वायर काही राहणार नाही, एकदाच शेवटचं नीट बघू दे, असं म्हणून तीही जाऊ दिली. गोधडी शिवून झाली. काकू म्हणाल्या, "बाळ शाळेतून यायला लागेल तोवर चढेल तुमची कॅसेट." काका पेचकस फिरवत म्हणाले, "घाई केली की चढत नाही ती."

मग एका रविवारी ताईचा फोन आला तो वेगळ्या आवाजात. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. तिने कुणालाही काही म्हटलं नाही. फक्त "आई, तू येशील ना?" असं विचारलं. काकूंनी फोन ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला आणि दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "मी एकटी जाते. हे गुडघे घेऊन मला चढता-उतरता येत नाही. तुमच्या त्या यंत्रात बघा, पुण्याला कोणी जाणारं आहे का. मला पोचवून देईल. फार जड नाही म्हणावं मी. आणि तोंड वाकडं न करणारं बघा."

यावर कुणीही माणूस वरमला असता. काकांनी पुण्याची कॅसेट काढली. मी बघतच राहिलो. ते खरोखरच शोधू लागले. पट्टे धावले, नावं आली, काका पडद्याजवळ नाक नेऊन पुटपुटले, "हा गेला आठवड्याखाली... याचं तोंड चार आहे, नको." शेवटी वळून अगदी मनापासून म्हणाले, "या आठवड्यात शून्य तोंडाचं कोणी नाही गं." काकू आत गेल्या. भांडी ठेवल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. काकांना तो आवाज कळला असावा, कारण त्यांनी पुण्याची कॅसेट काढून ठेवली. मग हातांना दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी पहिली कॅसेट लावली आणि टेपचं बटण दाबलं. पट्टे सुरू झाले. जाड, बारीक, थरथर.

काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "हा टेप माझ्या माहेरचा आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात बाबांनी दिलेला. तिथे ताईला भजनं ऐकवीन. बाकी तुमचं तुम्ही ठेवा." आणि काका "अगं, चालू आहे" म्हणेपर्यंत त्यांनी वायर ओढून काढली.

टेपची वाचा परत आली. आधी नुसती खरखर. मग लांबून कारखान्याचा भोंगा. भांडं खाली ठेवल्याचा आवाज. आणि एका तरुण बाईचा आवाज, बारीक, स्वच्छ, जरासा हसरा. "अहो, पानं घेतलीत."

काकूंचा हात वायरीसकट तसाच राहिला. टेपमध्ये दार वाजलं. दुसरी एक बाई म्हणाली, "वहिनी, नागपूरला कोणी जातंय का हो? आईला हळद पाठवायची होती." पहिली म्हणाली, "यांनाच विचारा. सगळं नागपूर कोंबून ठेवलंय त्या डबीत." दोघी हसल्या. मग पावलं, पाट सरकवल्याचा आवाज, आणि पुन्हा, "येताय ना? गार होऊन राहिलंय." उत्तर नाही. नुसती खरखर, लांबवर कुणाच्या तरी सायकलची घंटी. "अहो?" पुन्हा उत्तर नाही. मग खट्.

काकू म्हणाल्या, "माझा आवाज इतका बारीक होता?"

काका वायरीचं टोक हातात घेऊन बघत होते. "त्या दिवशी ही टेपमध्ये नीट बसलीच नव्हती," ते हळूच म्हणाले. "यंत्र बोलत राहिलं, पण टेपपर्यंत पोचलंच नाही. टेपने आपला घरातला आवाज ऐकून ठेवला. आणि ऐकवताना मी दर वेळी वायर खोचत होतो. मग तो बोलणार कसा?"

"म्हणजे आत कुणीच नाही?"

"तू आहेस," काका म्हणाले. "आणि समोरच्या वहिनी."

समोरच्या वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी पदराने नाक पुसलं. मी टीव्हीकडे पाहिलं. पट्टे नव्हते. इतकी वर्षं ज्या वेड्यावाकड्या रेघा बघत काका बसत होते, ती काकूंची जेवायची हाक होती, हे तेव्हा मला कळलं. काकांनाही त्याच क्षणी कळलं असावं. ते म्हणाले, "डोंगरे, तुझ्या फोनवर बघ रे, पुण्याचं उद्याचं तिकीट मिळतं का. दोन."

"ते बघेल तो," काकू म्हणाल्या. "आधी जेवायला या. गार होऊन राहिलंय."

"आलो," काका म्हणाले, आणि उठले.

जाताना त्यांनी टेप नेला, पहिली कॅसेट नेली आणि यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं. स्टेशनवर मी सामान चढवलं, खिडकीशी उभा राहिलो आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "परत कधी?" दुसऱ्याचा तो रकाना त्यांनी कधी रिकामा सोडला नव्हता. काकांनी चष्म्याची दोरी नीट केली. मग म्हणाले, "तो राहू दे कोरा."

खालचं घर आता बंद आहे. टेप नसल्यामुळे यंत्रात काही चढत नाही. तरी एखाद्या रविवारी मी ते वर माझ्या टीव्हीला जोडतो. पांढरा पडदा येतो, कोपऱ्यात एक लहानसा चौकोन लुकलुकत वाट बघत असतो. मीही थोडा वेळ बघतो आणि बंद करतो. गल्लीतले लोक हल्ली उघड्यावर बॅगा घेऊन गावाला जातात. त्यांना कुणी अडवत नाही. परवा शेजारचे गृहस्थ रिक्षात बसता बसता उगीचच आमच्या फाटकाशी थांबले आणि मग निघून गेले.

गेल्या रविवारी दुपारी दार वाजलं. एक अनोळखी तरुण उभा होता, पाठीवर बॅग, हातात पितळी डबा. "डोंगरे तुम्हीच का? पुण्याहून आलोय. एका काकांनी हा डबा दिला, बारशाचे पेढे आहेत. नात झाली म्हणे." मी डबा घेतला. तो म्हणाला, "मी ओळखत नाही हो त्यांना. लिफ्टमध्ये भेटले, कुठे जाणार म्हणाले. मला वाटलं, मजला विचारतायत." त्याचं तोंड थोडं वाकडं होतं. दोन म्हणता आलं असतं, फार तर अडीच. "आणि इथून काही द्यायचं असेल तर घेऊन ये म्हणालेत," तो म्हणाला.

मी त्याला आत घेतलं, पंखा लावला, पाण्याचा पेला हातात दिला. पेढ्यांचा वास खोलीभर पसरला होता. तो पाणी प्यायला आणि मी त्याच्या शेजारी बसून, जमेल तितक्या हळुवारपणे विचारलं, "परत कधी?"